विकतचे गाणे आणि वर्गणीचे गाणे

गाणे विकत घेण्याची पद्धत मागे पडून वर्गणी भरून ते ऐकण्याची पद्धत रूढ झाली, या बदलाची चर्चा आपल्याकडे बहुधा सोयीच्या अंगाने होते. अभिरुचीच्या अंगाने तिचा विचार क्वचितच झाला आहे.

२००३ मध्ये अ‍ॅपल कंपनीने अमेरिकेत आयट्यून्सचे दुकान उघडले आणि एकेक गाणे ९९ सेंटांस विकावयास काढले. त्यामुळे आल्बमची अखंडता भंगली, अशी तक्रार तेव्हा झाली, आणि ती खोटी नव्हती. परंतु ऐकणारा दाम मोजून एक विशिष्ट गाणे निवडीत होता, ही गोष्ट त्या व्यवहारात शाबूत होती. भारतात फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचे असेच दुकान थाटले. चोरट्या प्रतींच्या बाजारात त्याचा टिकाव लागणे कठीणच होते. वर्षसव्वावर्षात ते बंद पडले. तथापि उतरवून घेतलेली गाणी ग्राहकाजवळच राहिली.

स्ट्रीमिंगचे तसे नाही. २००८ मध्ये युरोपात सुरू झालेली स्पॉटिफायची सेवा २०१९ मध्ये आपल्याकडे आली. देशी सेवा तत्पूर्वीच चालू होत्या. त्यांपैकी ‘विंक’ बंद करण्याचे एअरटेलने २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा वर्षानुवर्षे वर्गणी भरलेल्यांच्या मालकीचे असे त्यातले एकही गाणे नव्हते. सरकारी निवासस्थान आणि स्वतःचे घर यांतील फरक या मासिकाच्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

सोय मोठी आहे, हे मान्यच केले पाहिजे. शिलाँगला किंवा पोर्ट ब्लेअरला बदली झालेल्या माणसास आज बालगंधर्वांची पदे घरबसल्या ऐकावयास मिळतात. खरा प्रश्न हिशेबाचा आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेने गवयावर सुमारे तीन मिनिटांचे बंधन घातले होते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या बंधनातच रागाचा अर्क काढून दाखविला. पुढे लाँग-प्लेच्या एका बाजूस वीस मिनिटे व त्याहून अधिक अवकाश मिळाला. आज लांबीचे बंधन उरलेले नाही. बंधन आले आहे ते मोजणीचे. स्पॉटिफायच्या हिशेबी गाणे ३० सेकंद ऐकले की ते ‘एकदा ऐकले’ असे धरले जाते. ३० सेकंदांत अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तनही पुरे होत नाही! शिवाय तासाभराचा बडा ख्याल आणि तीन मिनिटांचे चित्रपटगीत यांची मोजणी सारखीच, एकेक. २०२४ पासून तर मागील बारा महिन्यांत हजार वेळा ऐकले न गेलेल्या ध्वनिमुद्रणास तेथे मानधनाचा वाटाच मिळत नाही. अनवट राग गाणाऱ्या नवोदित गवयास हजार श्रोते मिळविणे सोपे नाही. ध्वनिमुद्रिका विकली जाई तेव्हा विकत घेणारा ती कितीदा ऐकतो, यावर कलावंताची प्राप्ती अवलंबून नसे. पन्नास जाणकारांनी घेतली तर पन्नास प्रतींचे दाम पदरात पडत.

आणखी एक उणीव वरवर क्षुल्लक वाटते, पण मला तीच अधिक खुपते. लाँग-प्लेच्या वेष्टनावर रागाचे नाव, तालाचे नाव, कधी बंदिशीविषयी चार ओळी आणि साथीदारांचा उल्लेख असे. आज पडद्यावर गायकाचे छायाचित्र दिसते आणि पुष्कळदा रागाचे नाव. तबला कोणाचा व पेटी कोणाची, हे बहुतेक ठिकाणी कळतच नाही.