ऊर्णनाभीचा दृष्टान्त आणि पूर्वपक्षाचा कोळी

ब्रह्म आणि जगत् यांच्या संबंधाचे विवेचन करताना आपल्याकडील अभ्यासक ज्या दृष्टान्तांचा हमखास आधार घेतात, त्यांत कोळ्याचा दृष्टान्त अग्रभागी असतो. मुंडकोपनिषदात (१.१.७) तो येतो. कोळी तंतू निर्माण करतो व पुन्हा आत घेतो, पृथ्वीवर वनस्पती उगवतात, जिवंत माणसाच्या देहावर केस येतात, त्याप्रमाणे अक्षरापासून विश्व उद्भवते, असा त्याचा आशय. या वचनावर चर्चासत्रांतून आता आणखी एक भार लादला जातो. प्राचीन ऋषींना कोळ्याच्या शरीरक्रियेचे आधुनिक ज्ञान होते, असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखकास हा दावा दोन्ही अंगांनी अन्यायकारक वाटतो. त्यात जीवशास्त्राचा अभ्यास नाही आणि ग्रंथाचे वाचनही नाही.

निरीक्षण मात्र खरे आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. चक्राकार जाळे विणणाऱ्या कोळ्यांच्या अनेक जाती जुने जाळे खाऊन टाकतात आणि नवे विणतात. डेव्हिड पीकॉल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत किरणोत्सारी खूण केलेले जाळे कोळ्याला खाऊ दिले, तेव्हा त्या खुणेचा बहुतांश भाग नव्या जाळ्यात उतरला. तोही कधीकधी अर्ध्या तासाच्या आत. जाळे म्हणजे प्रथिनांची मोठी गुंतवणूक, ती वाया घालवणे कोळ्याला परवडत नाही. मुंडकातील ‘आत घेणे’ हे क्रियापद या वर्तनाला अचूक लागू पडते.

परंतु सर्व कोळी असे करीत नाहीत. आपल्या घराच्या कोपऱ्यांत जी जळमटे आपण झाडूने काढतो, ती न गिळलेली, टाकून दिलेली जाळीच असतात. म्हणजे ज्या प्राध्यापकाच्या घरी जळमटे आहेत, त्याच्या डोक्यावरच या दृष्टान्ताचा अपवाद लोंबत असतो. उपनिषदांतही कोळी एकच एक नाही. बृहदारण्यकात (२.१.२०) तो आपल्या तंतूच्या आधाराने वर जातो, येथे जाळ्याचा प्रश्नच नाही, लोंबत्या सुरक्षातंतूवरून परत चढणारा कोणताही कोळी पुरेसा आहे. श्वेताश्वतरात (६.१०) देव कोळ्याप्रमाणे प्रधानापासून झालेल्या तंतूंनी स्वतःला झाकून घेतो. चक्राकार जाळ्याच्या मध्यभागी उघडा बसणारा कोळी या वर्णनात बसत नाही. रेशमी नळीत वा घरट्यात दडणारा कोळी बसतो. तीन ग्रंथांनी तीन वेगळी वर्तने पाहिली आणि त्यांतून तीन वेगळे सिद्धान्त सुचविले : निर्मिती व प्रत्याहार, निर्गमन, आणि आवरण. आपली विवेचने मात्र ‘उपनिषदांतील कोळ्याचा दृष्टान्त’ असे एकवचनी शीर्षक देऊन मोकळी होतात.

भागवताच्या एकादश स्कंधात (११.९.२१) अवधूताने हाच दृष्टान्त महेश्वराला लावला आहे. एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेली टीका याच स्कंधावरील असल्याने तो मराठी घरांत रुजला. येथे कोळी हृदयातून तंतू काढून मुखावाटे पसरतो, त्याच्याशी क्रीडा करतो आणि गिळतो. गिळणे मुखानेच होते. पण तंतू मुखातून येत नाही. तो उदरातील रेशीमग्रंथींत द्रवरूपाने साठतो, वाहिनीतून ओढला जाताना त्यातील पाणी कमी होते, आम्लता वाढते आणि उदराच्या मागील टोकाशी असलेल्या अवयवांतून घन धागा बाहेर पडतो. (स्कायटोडिस या प्रजातीचे कोळी तोंडाकडून चिकट द्रव भक्ष्यावर फेकतात, हे खरे, पण ते जाळे विणणे नव्हे.) गंमत अशी की ‘ज्याच्या नाभीत ऊर्णा आहे तो’ ही ऊर्णनाभ शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती भागवतातील वर्णनापेक्षा शरीररचनेच्या अधिक जवळ आहे. ‘ऊर्णवाभि’ या जुन्या रूपावरून भाषाशास्त्रज्ञ त्याचा मूळ अर्थ ‘लोकर विणणारा’ असा लावतात, हा भाग वेगळा.

या दृष्टान्ताची खरी परीक्षा मात्र विरोधकांनी केली, आणि आपले अभ्यासक नेमके तेच पान ओलांडून जातात. कुमारिल भट्टाने श्लोकवार्तिकात ईश्वराच्या उपादानरहित सृष्टीवर आक्षेप घेताना कोळ्याचे उदाहरण नाकारले : त्याचा तंतू शून्यातून येत नाही, भक्षिलेल्या प्राण्यांपासून लाळ होते आणि लाळेपासून तंतू. ब्रह्मसूत्रभाष्यातही (२.१.२५) हाच आक्षेप पूर्वपक्ष म्हणून येतो, क्षुद्र जंतू खाल्ल्याने कोळ्याची लाळ घट्ट होऊन तिचा तंतू बनतो, असे तो म्हणतो. लाळ हे स्थान चुकले. पण भक्ष्य, त्याचा द्रव, त्या द्रवाचा घन धागा हा कार्यकारणाचा क्रम बरोबर आहे. आहारातील अमिनो आम्ले हेच रेशमाचे मूळ द्रव्य. ‘ऋषींना विज्ञान ठाऊक होते’ असे म्हणायचेच असेल, तर ते श्रेय सिद्धान्त्याला नव्हे, पूर्वपक्षाला द्यावे लागेल.

शंकराचार्यांनी या आक्षेपाला दिलेले उत्तर म्हणूनच लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. कोळ्याला देह नाही किंवा तो काही खात नाही, असे ते म्हणत नाहीत. कुंभाराला बाह्य साधने लागतात म्हणून प्रत्येक कर्त्याला ती लागलीच पाहिजेत असा नियम नाही, एवढेच दाखविण्यापुरते ते उदाहरण आहे, असे ते सांगतात. स्वतः भाष्यकाराने दृष्टान्ताची मर्यादा इतकी स्पष्ट आखली असताना आपण ती पुसून टाकावी, हे त्याच्यावरील श्रद्धेचे लक्षण म्हणता येणार नाही.

भारतात आढळणाऱ्या स्टेगोडायफस सॅरासिनोरम या समूहाने राहणाऱ्या कोळ्याची मादी पिलांना प्रथम आपल्या पोटातील द्रव भरविते आणि अखेरीस पिले तिलाच खाऊन टाकतात. उपनिषत्काराच्या नजरेस हा कोळी पडला असता, तर स्रष्टा व सृष्टी यांचा कोणता संबंध त्याने मांडला असता, हा प्रश्न मुंडकाच्या तासाला विचारण्याजोगा आहे. त्याच तासाला श्लोकवार्तिकातील तो आक्षेपही विद्यार्थ्यांसमोर ठेवावा.