बारा महिन्यांच्या घाईत अडकलेल्या शर्यती

३१ मे २०२४ रोजी ‘एफ-वन २४’ हा फॉर्म्युला वन शर्यतींचा व्हिडिओ गेम बाजारात आला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स अर्थात ईए या कंपनीने एका गोष्टीचा सर्वांत जास्त गाजावाजा केला होता. गाडीची हाताळणी नव्याने बांधली आहे आणि त्यासाठी खुद्द जगज्जेत्या मॅक्स व्हर्स्टॅपनचा सल्ला घेतला आहे, असे सांगितले जात होते. वर्षानुवर्षे ही मालिका खेळणाऱ्यांनी नेमकी तीच गोष्ट नापसंत केली.

तक्रार समजून घ्यायची तर बहारीनच्या ट्रॅकवरचे पहिले वळण डोळ्यांसमोर आणावे. लांबलचक सरळ रस्त्यावरून ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेगाने आलेली गाडी इथे जोरात ब्रेक मारून उजवीकडे वळवायची असते. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी होतात. मग स्टिअरिंग वळवत असताना पाय ब्रेकवरून हळूहळू उचलायचा. घाई झाली तर गाडी न वळता बाहेर सरकते, उशीर झाला तर मागचा भाग फिरतो. या एका सेकंदातला तोल साधण्यासाठीच माणसे महागडी स्टिअरिंग व्हील आणि पेडल्स घेतात आणि रात्र रात्र सराव करतात. ‘एफ-वन २४’मध्ये सुरुवातीला हा तोल साधायची गरजच उरली नव्हती. नाक अनैसर्गिक चपळाईने वळणात शिरायचे आणि जिथे मागची चाके घसरायला हवीत तिथेही गाडी खेळाडूच्या चुका पोटात घालायची. ओरड झाली, काही आठवड्यांत हाताळणी दुरुस्त करणारा अपडेट आला. पण पहिल्याच दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने चाचणी करून दिली होती.

या संतापामागे मालिकेवरचा जुना जीव आहे. ब्रिटनच्या कोडमास्टर्स कंपनीने २००८ मध्ये फॉर्म्युला वनचा परवाना मिळवला आणि २०१० च्या सप्टेंबरमध्ये ‘एफ-वन २०१०’ आणला. पाऊस थांबल्यावर गाड्या जातात त्या रेषेत ट्रॅक हळूहळू वाळत जाण्याचा अनुभव त्यात होता. क्रीडा विभागातला बाफ्टा पुरस्कारही त्याने पटकावला. पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आला आणि चालकांच्या यादीत भारताच्या नारायण कार्तिकेयनचे नाव आले. भारतातली पहिली ग्रां प्री झाली ३० ऑक्टोबर २०११ ला. खेळ आला त्याआधी महिनाभर. खऱ्या गाड्या त्या ट्रॅकवर उतरण्यापूर्वी इथल्या खेळाडूंना घरबसल्या त्याची वळणे पाठ करता आली. दरवर्षी नवी आवृत्ती काढण्याला तेव्हा खरोखर अर्थ होता.

तडे दिसू लागले ते २०१५ मध्ये. नव्या पिढीच्या कन्सोलवर आलेल्या ‘एफ-वन २०१५’मधून करिअर मोड गायब होता, सेफ्टी कारही नव्हती. २०१६ च्या आवृत्तीत दोन्ही परतले आणि नवे आकर्षण म्हणून मिरवले. काढून घ्यायचे आणि पुढच्या वर्षी परत द्यायचे, हा पायंडा तिथून पडला.

तरीही २०१६ ते २०२० हा या मालिकेचा सुवर्णकाळ होता, हे मान्य करायलाच हवे. २०१७ मध्ये जुन्या जमान्यातल्या गाड्या आल्या, २०१९ मध्ये एफ-टू (फॉर्म्युला टू) ही खालची मालिका आली, २०२० मध्ये ‘माय टीम’मधून स्वतःचा संघ उभारता येऊ लागला. कोरोनाच्या टाळेबंदीत खऱ्या शर्यती थांबल्या, तेव्हा शार्ल लेक्लेर आणि लँडो नॉरिससारखे चालक ‘एफ-वन २०१९’वरच्या आभासी शर्यतींत उतरले. म्हणजे वर्षभरात चांगला खेळ घडूच शकत नाही असे नाही. पाया पक्का असेल आणि दरवर्षी त्यावर एकच मजला चढवला जात असेल, तर ते जमते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ईएने सुमारे १.२ अब्ज डॉलर मोजून कोडमास्टर्स विकत घेतली. त्यानंतर भर पडत गेली ती शर्यतीच्या आजूबाजूच्या गोष्टींची. ‘एफ-वन २०२१’मध्ये ‘ब्रेकिंग पॉइंट’ नावाची कथा आली आणि जुन्या गाड्या गेल्या. ‘एफ-वन २२’मध्ये ‘एफ-वन लाइफ’ आले. त्यात खेळाडूने आपल्या आभासी घरासाठी सोफा निवडायचा, गालिचा निवडायचा, अंगावरचे कपडे आणि पायातले बूट निवडायचे. पिटकॉइन हे खेळातले चलन खऱ्या पैशांनी विकत मिळत होते. चालवायला रस्त्यावरच्या सुपरकार आल्या, पण सेना आणि प्रॉस्ट या जुन्या जगज्जेत्यांच्या काळातल्या गाड्या मात्र परत आल्या नाहीत.

मराठी खेळाडूंना एक उणीव जास्त जवळून जाणवली असेल. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० ते २०२३ अशी चार वर्षे एफ-टूमध्ये धावला. २०२२ मध्ये तो प्रेमा संघात होता. त्या जुलैत आलेल्या ‘एफ-वन २२’मध्ये मात्र तो आदल्या वर्षीच्या कार्लिन संघाच्याच गाडीत बसलेला होता, कारण खेळातली एफ-टू एक हंगाम मागे होती. चालू हंगाम पुढे अपडेटमधून येत असे. ज्या मालिकेचे नावच वर्षावरून ठरते, तिने चालू वर्षाच्या एफ-टूसाठी खेळाडूला थांबायला लावावे, हे पटणारे नाही.

या सगळ्याचे खापर प्रोग्रॅमर आणि चित्रकारांवर फोडणे अन्यायाचे ठरेल. मूळ दुखणे वेळापत्रकात आहे. ‘एफ-वन २०१०’ सप्टेंबरात आला होता, ‘एफ-वन २०१५’ जुलैत, ‘एफ-वन २४’ मे महिन्यात. गाड्या आणि त्यांची रंगसंगती जाहीर होते ती हंगामाच्या तोंडावर, साधारण फेब्रुवारीत. तिथून खेळ दुकानात पोहोचेपर्यंत पूर्वी सहा-सात महिने हाताशी असत. आता तीन-साडेतीन उरतात. त्यातच आधीच्या खेळाचे अपडेट आणि पुढच्या खेळाची आखणीही चालू असते. अशा ओढाताणीत मुळाशी हात घालणारी कामे मागे पडतात. अचूक लेझर मोजणीवरून नव्याने घडवलेले ट्रॅक हे त्याचे ठळक उदाहरण. २०२५ च्या आवृत्तीत असे पाच ट्रॅक आले: बहारीन, मायामी, मेलबर्न, सुझुका आणि इमोला. हंगामात शर्यती होत्या २४.

‘नको तर घेऊ नका’ हे उत्तर इथे चालत नाही. अधिकृत गाड्या, चालक आणि ट्रॅक असलेला असा मोठा खेळ एकच आहे. मित्रांची ऑनलाइन लीग नव्या आवृत्तीकडे वळली की एकट्याने जुन्यावर थांबून काय करायचे? शिवाय परवान्याची मुदत संपली की जुन्या आवृत्त्या डिजिटल दुकानांतून काढल्या जातात.

इतरत्रही हेच दिसते. मोटरस्पोर्ट गेम्सचा ‘नॅसकार २१: इग्निशन’ इतक्या दोषांसह आला की पुढच्या वर्षी नवा खेळ न काढता त्यालाच २०२२ च्या हंगामाची जोड द्यावी लागली. नंतर परवाना आयरेसिंग या कंपनीकडे गेला. ‘नीड फॉर स्पीड’ने वर्षानुवर्षे दरवर्षी एक खेळ काढल्यावर २०१४ मध्ये विश्रांती घेतली. उलट इटलीच्या कुनोस सिमुलात्सिओनीचा ‘असेटो कोर्सा’ २०१४ चा असूनही लोक तो आजही खेळतात. हौशी मंडळींनी त्यासाठी असंख्य गाड्या आणि ट्रॅक तयार केले आहेत. आयरेसिंग २००८ पासून वर्षाचा आकडा न बदलता तोच खेळ सुधारत आले आहे. गाडी चालवण्याचा अनुभव टिकाऊ असेल तर खेळाडू दहा-दहा वर्षे सोडून जात नाहीत, याचा हा धडधडीत पुरावा आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ईएने अखेर वर्षाची साखळी तोडली. २०२६ साठी स्वतंत्र खेळ नाही. तो हंगाम ‘एफ-वन २५’लाच सशुल्क जोड म्हणून मिळेल आणि पुढचा पूर्ण खेळ २०२७ मध्ये येईल, असे जाहीर झाले. निर्णय स्वागतार्ह आहे आणि तो आणखी आधी व्हायला हवा होता. ‘एफ-वन २५’ने हाताळणी बरीचशी सावरली, ‘माय टीम’ला नवी खोली दिली आणि जुन्या कन्सोलचे ओझे उतरवले. त्यामुळे पायाही वाईट नाही.

पण २०२६ चे नियम हे मोठे आव्हान आहे. गाड्या आकाराने लहान आणि वजनाने हलक्या झाल्या, पुढच्या गाडीला गाठण्यासाठी मागचा पंख उघडणारे डीआरएस गेले, सरळ रस्त्यावर आणि वळणावर पंखांची स्थिती बदलू लागली आणि इंजिनाच्या ताकदीचा जवळपास निम्मा वाटा विजेवर आला. बॅटरी कुठे भरायची आणि कुठे खर्च करायची, यावर आता शर्यत ठरते. हे सारे स्टिअरिंग धरलेल्या हातांना जाणवले पाहिजे. कॅडिलॅक आणि ऑडीचे रंग चढवून, ११ संघांची यादी लावून भागणार नाही. २०२७ च्या खेळाकडून तर मागणी अगदी साधी आहे: नवी हाताळणी विक्रीआधी व्हील आणि कंट्रोलर अशा दोन्ही प्रकारच्या खेळाडूंना मोकळेपणाने वापरून पाहू द्यावी, पहिल्या दिवसापासून त्याच वर्षाची एफ-टू असावी, जुन्या गाड्या परत याव्यात आणि विक्री थांबली तरी ऑनलाइन सर्व्हर किती वर्षे चालू राहतील, ते खोक्यावरच छापावे.