दीर्घिकेचा काठ : उदासीन हायड्रोजन आणि मराठी विज्ञानलेखनातील एका व्याख्येची चिकित्सा

प्रास्ताविक :
मराठी विज्ञानपरिभाषेत ‘गॅलेक्सी’ या संज्ञेसाठी ‘दीर्घिका’ हा शब्द रूढ आहे. संस्कृतमध्ये त्याचा मूळ अर्थ लांबट तळे असा होतो. तळे म्हटले की काठ आलाच. परिचयपर मराठी लेखनात हा काठ बहुधा ताऱ्यांचा प्रकाश संपतो तेथेच आखला जातो. ‘ताऱ्यांचा प्रचंड समूह’ ही व्याख्या आणि सोबत एक छायाचित्र, एवढ्यावर विषय आटोपतो. ही मांडणी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन :
उदासीन हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी उत्सर्जित करतो. व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केले आणि १९५१ मध्ये यूएन व पर्सेल यांनी हार्वर्ड येथे त्या लहरी टिपल्या. एका अणूकडून असे उत्सर्जन आपोआप होण्यास सरासरी सुमारे एक कोटी वर्षे लागतात. परंतु अणूंची संख्या अफाट असल्याने संकेत मिळतो. अनेक सर्पिल दीर्घिकांत हा वायू ताऱ्यांच्या दृश्य तबकडीच्या दीडपट ते दुप्पट अंतरापर्यंत पसरलेला आढळतो. बाहेरच्या या वायूचा भ्रमणवेग अपेक्षेप्रमाणे घटत नाही. कृष्ण पदार्थाच्या अस्तित्वाचा हा एक प्रमुख पुरावा होय.

सप्तर्षीच्या दिशेला, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर एम ८१ ही सर्पिल दीर्घिका आहे. छायाचित्रात ती आणि तिच्या शेजारच्या एम ८२ व एनजीसी ३०७७ सुट्या दिसतात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हायड्रोजनच्या नकाशात मात्र या तिघींना जोडणारे, परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने ओढले गेलेले वायूचे पट्टे दिसले. ताऱ्यांपुरत्या व्याख्येत या नात्याला जागाच नाही.

अर्थात रेडिओ नकाशाही अंतिम नव्हे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने, तर १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या आहेत. जवळच्या जोड्यांना विस्तृत, विरळ वायू दिसतो. दूरच्या जोड्यांना सूक्ष्म तपशील. शिवाय कडेच्या वायूचे आयनीभवन झाले की तो २१ सेंटिमीटरवर दिसेनासा होतो. संकेत थांबला म्हणजे वायू संपला, असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष :
उत्तन-डोंगरीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या रेषेला कोणी समुद्राची हद्द मानत नाही. ‘दीर्घिका’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. व्याख्या मात्र ‘गुरुत्वाकर्षणाने बांधलेले तारे, वायू, धूळ व कृष्ण पदार्थ’ अशी व्हावी. पाठ्यपुस्तकांत छायाचित्राशेजारी हायड्रोजनचा नकाशाही छापला जावा आणि दोहोंखाली ते कोणत्या साधनाने मिळवले याची नोंद असावी. अन्यथा आपल्या साधनाची मर्यादा हीच विश्वातील वस्तूची सीमा होय, असा समज विद्यार्थ्याच्या मनात दृढ होईल.