रानातले जनावर आणि वाचकाचा संशय

अरण्यात वावरणाऱ्या एखाद्या दंतकथात्मक प्राण्याभोवती रचलेल्या थरारकथेची चर्चा मराठी समीक्षेत सहसा 'रंजनपर वाङ्मय' या सदरात टाकून संपविली जाते. या वर्गीकरणात एक गृहीत दडलेले असते. अशा कथेचा वाचक सर्वत्र एकच आहे, तो घाबरण्यासाठी वाचतो आणि पुस्तक मिटताच त्याची भीतीही मिटते, असे ते गृहीत आहे. वाचकप्रतिसादाची सैद्धांतिक भाषा मराठीत येऊन काही दशके लोटली. 'अपेक्षाक्षितिज', 'निहित वाचक', 'रिक्त जागा' या संज्ञा पदव्युत्तर वर्गात रुळल्या. तरीही त्या संज्ञा या गृहीतावर मात्र क्वचितच चालविल्या गेल्या.

या प्रकाराचे सर्वांत नेटके विवरण त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये केले. समोर आलेली घटना निसर्गनियमांनी उलगडणारी आहे की त्यांपलीकडची, या प्रश्नावर वाचक घुटमळतो. ही घुटमळ टिकते तोवरच ही कथा आपल्या जातीची राहते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. निर्णय झाला की कथा एकतर स्पष्टीकरण मिळालेल्या विलक्षणाकडे झुकते, नाहीतर निखळ अद्भुताकडे. कॉनन डॉइल यांची १९०१-०२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली बास्करव्हिल घराण्याच्या शिकारी कुत्र्याची कादंबरी हे पहिल्या वाटेचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. डार्टमूरच्या माळावर शापित श्वान दिसतो, वाचक हादरतो आणि अखेरीस फॉस्फरस लावलेला एक खराखुरा कुत्रा हाती लागतो. दंतकथा हा तिथे गुन्हेगाराने वापरलेला बुरखा आहे. पश्चिमेतील पुढच्या बहुतेक वनथरारकथा, हिममानवाच्या किंवा अमेरिकेच्या वायव्य अरण्यातील महाकाय पावलांच्या कथाही, 'असे काही असते का?' या एकाच प्रश्नावर उभ्या राहिल्या आहेत.

हाच प्रश्न घेऊन भोर आणि वेल्हे या मावळी तालुक्यांत शिरले की सिद्धांताची गाडी अडते. भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंधा घाटात वाघजाईचे ठाणे आहे. घाटवाटेच्या तोंडाशी, रानाच्या सीमेवर वाघाच्या नावाची देवी बसविण्याची रीत सह्याद्रीत इतरत्रही आढळते. या परिसरातील देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला. त्यातून दिसते ते एवढेच की देवाच्या रानात काय तोडावे, काय उचलू नये, याचे नियम माणसे पाळत आली. अशा ठिकाणी वाघ 'आहे की नाही' हा प्रश्नच कोणी विचारीत नाही. पट्टेरी वाघ आज या डोंगरात वस्तीला नसला तरी बिबट्या आहे, आणि गावच्या बोलीत दोघांनाही 'वाघ' म्हणतात. पुण्यातील वाचक त्या शब्दाला मनात पट्टे जोडतो, गावातील श्रोता जोडत नाही. संहितेतील एकच शब्द दोन वेगळी जनावरे उभी करतो, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही.

इथला प्रश्न जनावराच्या अस्तित्वाचा नसून त्याच्या वर्तनाचा असतो. ते आज का आले? कोणाचे काय चुकले? उत्तर कोकणातील वारली वस्त्यांतील वाघोबाविषयी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीडशेहून अधिक वाघोबास्थानांची नोंद आहे. विधी पाळले तर वाघोबा सांभाळतो, ही श्रद्धा तिथे कथांमधून सांगितली जाते. वाघबारस आणि वसुबारस एकाच तिथीला, आश्विन वद्य द्वादशीला पडतात. गाय पूजणारे आणि गाय खाणाऱ्याला पूजणारे एकाच दिवशी पूजेला बसतात, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर समीक्षकांनी त्याला प्रतीकयोजनेचा अतिरेक म्हटले असते.

तोदोरोव्ह यांच्या मांडणीला इथे उत्तर द्यायचे तर ते संस्कृत काव्यशास्त्राकडे मागावे लागते. आणि ते मिळतेही. अभिनवगुप्तांनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायावरील भाष्यात भयानकाच्या प्रतीतीसाठी जे उदाहरण निवडले, ते रानातलेच आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात राजाच्या बाणापुढे पळणारे हरिण. त्या हरणाला विशेष स्थळकाळ नाही, भिवविणाराही लौकिक अर्थाने खरा नाही. म्हणून 'मी भ्यालो' किंवा 'तो भ्याला' या दोहोंपलीकडची, निव्वळ 'भय' अशी प्रतीती सहृदयाला येते. यानंतर ते रसप्रतीतीची सात विघ्ने सांगतात. त्यांतले पहिले आहे संभावनाविरह, म्हणजे वर्ण्य वस्तू शक्यच वाटत नसणे. आणि अखेरचे आहे संशययोग. आधुनिक पाश्चात्त्य सिद्धांत ज्या संशयाला या कथाप्रकाराचा प्राण मानतो, त्याच संशयाला काश्मिरी आचार्य विघ्न म्हणतो. हा विरोध केवळ पारिभाषिक नाही. पहिल्या विघ्नावर अभिनवगुप्तांनी सुचविलेला उपाय आहे प्रख्यात वस्तू. समुद्रलंघनासारखे अलौकिक कृत्य रामादिकांच्या बाबतीत खटकत नाही, कारण त्यांची प्रसिद्धी वाचकाच्या मनात आधीच रुजलेली असते.

प्रसिद्धी ही स्थानिकही असते, हे मात्र त्या चर्चेत आलेले नाही. वाघजाई वरंध्याच्या वाटेवर प्रख्यात आहे, सदाशिव पेठेत नाही. म्हणूनच एकच कथा एका वाचकाच्या हाती संशयाची थरारकथा होते आणि दुसऱ्याच्या कानी निःसंशय भयाची. यांतला दुसरा वाचक भाबडा आणि पहिला प्रगल्भ, अशी उतरंड लावण्याची सवय समीक्षेने सोडायला हवी.

याची खरी कसोटी गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत'वर पाहता येते. गोष्ट सर्वपरिचित आहे. भगताचा पोर नाग्या पुण्यवंत व्हायचे ठरवितो, कारण पुण्यवंतालाच राणीमाशीचे दर्शन घडते. तो नेमाने वागतो. आणि माशी त्याचा एक डोळा घेते. मग तो लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरविण्याच्या इरेला पेटतो. त्यात त्याला साथ देणारी, नवऱ्याला सोडून आलेली चिंधी जिवाला मुकते. राणीमाशी ही या कथेतील दंतकथात्मक वनचर. तिच्याकडे पाहण्याच्या तीन तऱ्हा वाचकवर्गात स्पष्ट दिसतात.

बुद्धिवादी वाचक म्हणतो की आग्या मोहोळाच्या माश्या डिवचल्या की डसतात. नाग्याची शोकांतिका त्याच्या अज्ञानात आहे. सह्याद्रीच्या गडांवर पर्यटकांवर माश्यांनी हल्ला केल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या वाचताना या वाचकाला आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटते. दुसरा वाचक शहरी सौंदर्यवादी आहे. त्याला ठाकरांचे निरागस जीवन, डोंगर आणि प्रीती दिसते. जब्बार पटेल यांच्या १९७७ च्या चित्रपटाने ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांच्या बळावर हे वाचन इतके प्रभावी केले की कादंबरी नंतर हाती घेणारे अनेकजण ती गाण्यांच्या चालीवरच वाचतात. स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांचे चेहरे इझर यांच्या 'रिक्त जागा' आधीच भरून टाकतात. चित्रपटाचा हा दोष नव्हे. पण प्रतिसादाच्या अभ्यासकाने त्याची नोंद घेतलीच पाहिजे.

तिसरे वाचन कमी ऐकू येते. त्यात नाग्या हा फिर्यादी आहे. आपण करार पाळला, समोरच्याने मोडला, असे त्याचे म्हणणे आहे. राणीमाशी आहे की नाही, हा त्याचा प्रश्नच नाही. ती न्यायाने का वागली नाही, हा आहे. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांनी विठ्ठलाशी केलेले भांडण ज्याच्या कानावरून गेले आहे, त्या मराठी श्रोत्याला ही भूमिका समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच की संतांचे भांडण अखेर प्रेमात विरते आणि नाग्याचे पोळी उतरल्यावरच थांबते. शीर्षकातील विजयघोष वाचकाच्या घशात अडकतो तो इथे. देवाला हरवून नाग्याने काय मिळविले? बुद्धिवादी वाचनात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे हरवायला कोणी नाही. सौंदर्यवादी वाचनात तो चिंधीवरच्या हळहळीत वाहून जातो. कादंबरीचे सारे वजन पेलते ते फक्त या तिसऱ्या वाचनाला.

अर्थात दांडेकरांची लेखणी या वाचनाला नेहमीच साथ देते असे नाही. रानातल्या माणसाचे भाबडेपण रंगविताना ती अनेकदा शहरी वाचकाच्या बाजूला उभी राहते आणि त्याच्या वतीने कौतुक करू लागते. त्यांच्या दुर्गकथांवरील प्रेमाला पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहकांच्या पिढ्यांनी जो पाठीचा पिशवीतला वाचक पुरविला, तो याच कौतुकाचा वारस आहे. हा वाचक पुस्तक वाचून स्थळ पाहायला निघतो. राजगड परिसरातील 'वाघरू' हाती घेऊन तो गुंजवण्याच्या वाटेने पद्मावती माचीवर चढतो आणि संहितेची खातरजमा दगडाधोंड्यांशी करतो. २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तो या नजरेला मानवणाराच आहे. नकाशावर आता गड आधी दिसेल, गाव नंतर.

पण 'वाघरू' या शब्दाकडे हा वाचक थांबून पाहत नाही. लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू या रांगेतला तो शब्द आहे. मराठीने 'तो वाघ' आणि 'ती वाघीण' यांच्याबरोबर 'ते वाघरू' ठेवले. लहान, आपल्या घरातले, हात लावावा असे जे जे, त्याच्यासाठी राखलेला प्रत्यय माणूस फाडू शकणाऱ्या जनावराला लावला. नपुंसकलिंगाने दरारा उतरतो, पण शब्द उच्चारणाऱ्याची भीती त्यामागे तशीच राहते. किंबहुना भीती आहे म्हणूनच लाडाचे नाव आहे. २०१४ च्या 'आजोबा' या चित्रपटाने ज्या बिबट्याची कथा सांगितली, त्यालाही असेच घरातले नाव मिळाले होते. माळशेज घाटात सोडल्यावर मुंबईच्या दिशेने चालत गेलेल्या त्या जनावराला संशोधकांनी केवळ क्रमांक दिला असता, तर प्रेक्षकांचा प्रतिसाद निराळा झाला असता.

इंग्रजीत या शब्दाला प्रतिशब्द नाही, आणि त्या भाषेतल्या थरारकथेला त्याची गरजही भासली नाही. तिथले जनावर अनोळखी असावे लागते. मराठी रानकथेतील जनावर ओळखीचे असते. त्याला नाव असते, ठाणे असते, वर्षातली एक तिथी असते. ते अनोळख्यासारखे वागले की भय सुरू होते.