जळालेल्या दुकानांची नावे

वेल्सच्या किनाऱ्यावरील स्वान्झी म्हणजे बाहेरच्यांच्या लेखी तांब्याच्या भट्ट्या आणि गोदी. फेब्रुवारी १९४१ मध्ये सलग तीन रात्रींच्या बॉम्बवर्षावात गावाचा मध्यभाग जळाला. इथेच जन्मलेल्या डिलन थॉमस यांनी १९४७ साली बी.बी.सी.साठी ‘रिटर्न जर्नी’ ही श्रुतिका लिहिली. तिचा निवेदक बर्फाळलेल्या गावात आपले तरुणपण शोधत हिंडतो आणि नाहीशा झालेल्या दुकानांची नावे एकापाठोपाठ उच्चारतो. गावाची थोरवी तो गात नाही. नुसती नावे घेतो. थॉमस यांच्या कवितेत क्वचित खुपणारा शब्दांचा हव्यास येथे सार्थकी लागला आहे. पोरसवदा कवीची, म्हणजे स्वतःचीच, थट्टाही ते मनसोक्त करतात; त्यामुळे प्रेम पाणचट होत नाही. अखेर उद्यानाचा रखवालदार त्या मुलाविषयी पुन्हा पुन्हा एकच उत्तर देतो: तो मेला.