जेम्स बॉण्डचे पुनरुज्जीवन

चित्रपटमालिका दीर्घायुषी झाली की तिच्यापुढे एक अडचण हटकून उभी राहते. नायक तोच असतो, काळ मात्र पालटलेला असतो. जेम्स बॉण्ड या ब्रिटिश गुप्तहेराच्या वाट्याला ही अडचण अनेकदा आली. इयान फ्लेमिंगची ‘कॅसिनो रोयाल’ ही पहिली बॉण्ड-कादंबरी १९५३ सालची, ‘डॉक्टर नो’ हा पहिला चित्रपट १९६२चा आणि ईऑन या निर्मितीसंस्थेचा २५वा, ‘नो टाइम टु डाय’, २०२१चा. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी यांतील दोन-चार तरी पाहिले असतील. ‘ऑक्टोपसी’चे (१९८३) चित्रीकरण उदयपूरला झाले होते म्हणून, नाही तर मुलांच्या आग्रहाखातर!

या नायकाला नव्या काळाजोगे करण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले आणि ते दोन्ही मार्टिन कॅम्पबेल या एकाच दिग्दर्शकाच्या हातून झाले. पहिला १९९५चा ‘गोल्डनआय’. त्याआधी सहा वर्षे बॉण्ड पडद्यावर आला नव्हता. त्या अवधीत बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत संघ लयास गेला आणि ज्या शीतयुद्धावर ही मालिका पोसली गेली होती तेच संपले. ‘गोल्डनआय’मध्ये गुप्तचर खात्याच्या प्रमुखपदी, म्हणजे ‘एम’च्या खुर्चीवर, जूडी डेंच यांच्या रूपाने प्रथमच स्त्री बसली. ती बॉण्डला समोर उभा करून ‘तू स्त्रियांना तुच्छ लेखणारा, कालबाह्य झालेला प्राणी आहेस’ अशा आशयाचे खडे बोल सुनावते. प्रसंग चुरचुरीत आहे. परंतु बॉण्ड त्या खोलीत जसा शिरला तसाच बाहेर पडला. स्वतःवरील टीका स्वतःच उच्चारून मोकळे होण्याची ही युक्ती चतुर खरी, पण तिने बदलत काहीच नाही. पुढे २००२च्या ‘डाय अनदर डे’पर्यंत मजल बर्फाच्या महालाची आणि अदृश्य होणाऱ्या मोटारीची झाली. मोटारीबरोबर कथाही अदृश्य झाली, असे आम्हांस वाटते.

दुसरा प्रयत्न २००६च्या ‘कॅसिनो रोयाल’चा. डॅनियल क्रेग यांची निवड जाहीर होताच त्यांच्या सोनेरी केसांवरून काही चाहत्यांनी केवढे काहूर माजविले होते! चित्रपटाने त्यांना परस्पर उत्तर दिले. येथे बॉण्डला कोणी कालबाह्य म्हणत नाही. त्याला आरंभापासूनच नव्याने रचले आहे. हत्येचा परवाना मिळविण्यासाठी आवश्यक असलेल्या दोन हत्या कृष्णधवल चित्रणात सुरुवातीलाच येतात. त्यांतली पहिली ओंगळ, धापा टाकणारी आहे. पळणारा आरोपी फटीतून अलगद निसटतो, तर बॉण्ड भिंत फोडून आरपार जातो. मद्य ढवळून हवे की हलवून, असे विचारणाऱ्यावर तो वैतागतो. त्याची सुप्रसिद्ध धून तर अगदी अखेरच्या क्षणापर्यंत राखून ठेवली आहे. (जूडी डेंच मात्र ‘एम’ म्हणून जुन्या जगातून नव्यात तशाच आल्या. तर्कदृष्ट्या हे बसत नाही. पण त्या असल्यावर तक्रार कोण करणार?)

या चित्रपटाचे मर्म आम्हांस एका प्रसंगात दिसते. जिन्यात दोन माणसांचे बळी जातात. बॉण्ड रक्त धुऊन, सदरा बदलून पुन्हा जुगाराच्या मेजावर बसतो. व्हेस्पर लिंड या सहकारी स्त्रीला ते जमत नाही. बॉण्ड परततो तेव्हा ती उंची पोशाखासह शॉवरखाली थरथरत बसलेली असते. हाताचे रक्त जात नाही असे तिला वाटत असते. तो कपड्यांनिशी तिच्याशेजारी बसतो आणि पाणी थोडे गरम करतो. विनोद नाही, अभिलाषाही नाही. माणूस मारणे ही गोष्ट कोणाला तरी सोसावी लागते, हे या मालिकेने इतक्या स्पष्टपणे क्वचितच मान्य केले असेल.

म्हणूनच २०१२च्या ‘स्कायफॉल’ची मुक्तकंठाने स्तुती करणे आम्हांस जड जाते. रॉजर डीकिन्स यांचे छायाचित्रण देखणे आहे आणि स्कॉटलंडमधील जुन्या प्रार्थनागृहात बॉण्डच्या मिठीत ‘एम’ प्राण सोडते तो प्रसंग हेलावणारा आहे. पण याच चित्रपटात सेव्हरिन नावाची स्त्री आहे. कोवळ्या वयात ती देहविक्रयाच्या बाजारात ओढली गेली, हे बॉण्ड तिच्या मनगटावरील खुणेवरून ओळखतो आणि त्यानंतर पूर्वसूचना न देता तिच्या स्नानगृहात शिरतो. पुढे खलनायक तिच्या डोक्यावर मद्याचा पेला ठेवून तिला गोळी घालतो. बॉण्ड हळहळतो तो वाया गेलेल्या मद्याविषयी. ते क्रूरकर्म्याला चकविण्यासाठीचे ढोंग होते, असा बचाव केला जातो. मान्य! परंतु नंतरही तिच्यासाठी चित्रपट क्षणभर थांबत नाही. ‘एम’साठी बॉण्ड रडतो, सेव्हरिनचे नावही पुन्हा निघत नाही. सहा वर्षांपूर्वी शॉवरखाली जे कमावले ते शॉवरखालीच घालविले.

‘करमणुकीच्या चित्रपटाकडून इतकी अपेक्षा कशाला?’ असे कोणी म्हणेल. पण या नायकाची ओळखच मुळी हत्येच्या परवान्याने होते. मग त्या परवान्याची किंमत कोण मोजतो, हे विचारणे अस्थानी कसे?

२०१५च्या ‘स्पेक्टर’विषयी फार लिहिण्याजोगे नाही; मुख्य खलनायक हा बॉण्डच्या बालपणाचा मानलेला भाऊ निघावा, ही कल्पना फारच बेतलेली वाटते. ‘नो टाइम टु डाय’मध्ये मात्र हिशेब पुरा केला आहे. ००७ हा क्रमांक एका स्त्रीकडे गेलेला आहे आणि स्वतःच्या मुलीला स्पर्श करणेही तिच्या जिवावर बेतेल अशा विषाने ग्रासलेला बॉण्ड क्षेपणास्त्रांच्या माऱ्यात मरतो. श्रेयनामावलीच्या अखेरीस, बॉण्ड परत येईल, हे नेहमीचे आश्वासन आहेच.

फेब्रुवारी २०२५मध्ये मालिकेची सर्जनसूत्रे ब्रॉकोली घराण्याकडून अ‍ॅमेझॉनकडे गेल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी दिग्दर्शनासाठी डेनी विल्नव्ह व लेखनासाठी स्टीव्हन नाइट यांची नावे घोषित झाली. दोघेही विचारी कलावंत आहेत. त्यांना आरंभ पुन्हा कोऱ्या पाटीवरच करावा लागणार. पण २००६मध्ये पाटी पुसताना कोणाचे काही बिघडले नव्हते. अदृश्य मोटारीसाठी कोण शोक करतो? या खेपेस पाटीवर एक लहान मुलगी आहे. मोटारीत आईशेजारी बसून, बॉण्ड नावाच्या माणसाची गोष्ट ती नुकतीच ऐकू लागली आहे.