टायटनची जांभळी किनार

3 जुलै 2004 रोजी कॅसिनी यानाने शनीच्या सर्वांत मोठ्या चंद्राचं, टायटनचं, एक छायाचित्र घेतलं. त्यात डोंगर नाहीत, विवरं नाहीत, जमिनीची खूण नाही. आहे तो फिकट केशरी गोळा आणि त्याच्याभोवती बारीक जांभळी किनार. अवकाशयानांनी पाठवलेल्या असंख्य चित्रांत मला हे सर्वांत भरलेलं वाटतं.

हिवाळ्यात सकाळी खराडीत मुळा-मुठेवर धुकं आणि धूर एकत्र साचतात, आयटी पार्कच्या काचेच्या इमारती अर्ध्यामुर्ध्याच दिसतात. धुरकं म्हणजे नजरेला आलेला अडसर, ही आपली समजूत अशा सकाळींनीच पक्की होते. नोव्हेंबर 1980 मध्ये व्हॉयेजर-1 टायटनजवळून गेलं, तेव्हा कॅमेऱ्याला केशरी धुरक्यापलीकडे काहीच दिसेना, म्हणून अनेकजण हिरमुसले. कॅसिनीचं चित्र मात्र त्या धुरक्याकडेच पाहायला लावतं.

आधी केशरी रंग. टायटनचं वातावरण मुख्यतः नायट्रोजनचं, त्यात थोडा मिथेन. जवळजवळ हजार किलोमीटर उंचीवर सूर्याचे अतिनील किरण आणि शनीभोवतीचे वेगवान कण हे रेणू फोडतात. तुटलेले तुकडे नव्याने जुळतात: इथेन, ॲसिटिलीन, बेंझिन, हायड्रोजन सायनाइड. जुळणी वाढत जाते, रेणू जडावतात, त्यांचे कण होतात आणि सावकाश खाली उतरतात. प्रयोगशाळेत असाच पदार्थ बनवणाऱ्या कार्ल सेगन आणि बिशुन खरे यांनी 1979 मध्ये त्याला ‘थोलिन’ म्हटलं. चुलीवरच्या आढ्याला वर्षानुवर्षं धरलेल्या चिकट, तांबूस थराची आठवण व्हावी, असा हा पदार्थ. चित्रातला केशरी रंग त्याचाच.

आता किनार. ती गोळ्याला चिकटलेली नाही; मधे एक काळसर फट आहे. सुमारे 500 किलोमीटर उंचीवर धुरक्याचा हा वेगळा थर तरंगत होता. अतिनील प्रकाशात तो ठळक उठतो, म्हणून चित्र तयार करणाऱ्यांनी त्याला मुद्दाम जांभळा रंग दिला. याला मी रंगसफेदी म्हणणार नाही. डोळ्याला न दिसणारी रचना दिसती करणं हे चांगल्या चित्रकाराचंच काम, आणि इथे ते मोजमापाशी इमान राखून केलं आहे.

धुरक्याचे हे कण पडतात कुठे? 14 जानेवारी 2005 रोजी हायगेन्स हे अवतरणयान जवळपास अडीच तास हवेतून उतरत टायटनवर टेकलं. समोर गोलसर, गुळगुळीत गोटे दिसले: पाण्याच्या बर्फाचे, वाहत्या द्रवाने घासलेले. तिथलं तापमान उणे 179 अंश सेल्सियस. यानाच्या उबेने खालची ओलसर माती तापली आणि तिच्यातून मिथेनची वाफ उठली, ती उपकरणाने टिपली. वर आकाशात फुटणारा मिथेन इथे जमिनीत मुरलेला होता. किनारीपासून गोट्यांपर्यंत सगळं एकाच गोष्टीचं कथन आहे.

त्यातली एक गाठ अजून सुटलेली नाही. सूर्यप्रकाश मिथेन सतत फोडतो, त्यामुळे काही कोटी वर्षांत तो संपायला हवा. तरीही तो आहे, म्हणजे कुठून तरी नव्याने येतो आहे. दरम्यान टायटनच्या हवेत सापडणाऱ्या सेंद्रिय रेणूंची यादी वाढतेच आहे: 2017 मध्ये चिलीतल्या अल्मा दुर्बिणींनी तिच्यात व्हिनाईल सायनाइड असल्याचं नक्की केलं, 2020 मध्ये सायक्लोप्रोपेनिलिडीन सापडल्याचं जाहीर झालं. सजीवांवाचून सेंद्रिय रसायन किती दूर जाऊ शकतं, याचा एवढा मोठा नमुना आपल्याला दुसरा ठाऊक नाही.

1944 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर यांनी टायटनवरच्या मिथेनची नोंद प्रसिद्ध केली; त्याच वर्षी पुण्यात हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. आजही खराडीच्या गच्चीवरून, दिव्यांच्या झगमगाटातही, लहान दुर्बिणीतून शनीशेजारी टायटनचा ठिपका दिसतो. त्यात ना केशरी रंग दिसतो, ना किनार. पण हे चित्र एकदा नीट पाहिलेल्या माणसाला तो ठिपका रिकामा वाटणार नाही. कॅसिनीच्या या चित्राचं मोठेपण मला यातच दिसतं.